पेलाभर दुधाचे ऋण

(मठाच्या वर्धापनदिनोत्सवात भक्तमंडळी व पाठशाळेतील विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही ज्येष्ठ मंडळींनी मजपाशी सौम्य आश्चर्य व्यक्त केले. संस्कृत पाठशाळेत अध्यापन करणाऱ्याने एखाद्या स्तोत्रावर वा भाष्यावर बोलावे. धावण्याच्या शर्यती जिंकणाऱ्या खेळाडूचे चरित्र मठाच्या उत्सवात कशासाठी? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी आरंभीच देत नाही, कारण चरित्र ऐकून झाल्यावर ते आपले आपणांसच सापडेल असा मला विश्वास वाटतो. एवढेच निवेदन करतो की, हे चरित्र दूरदेशीचे नव्हे. त्याला ज्या ठिकाणी खरे वळण लागले ते ठिकाण आपल्या या जुळ्या नगरीतच, सिकंदराबादच्या लष्करी छावणीत आहे.

आपल्या पाठशाळेतील मुलांना ऋणत्रय ठाऊक आहे. तैत्तिरीय संहितेत देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथ्याची भर घातली आहे, ते मनुष्यऋण. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे आणि संततीने पितरांचे ऋण फिटते. माणसांचे ऋण कशाने फिटते? ब्राह्मणकारांचे उत्तर अत्यंत साधे आहे: आलेल्याला राहावयास जागा द्यावी आणि खावयास अन्न द्यावे. या चौथ्या ऋणाची आठवण आपण क्वचितच करतो. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे, त्या मिल्खासिंगांचे सारे आयुष्य मला या चौथ्या ऋणावरील भाष्यासारखे वाटत आले आहे.

मिल्खासिंगांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबच्या मुजफ्फरगढ भागातील गोविंदपुरा या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे, गरिबीचे. भावंडे पंधरा, आणि त्यांतील आठ फाळणीपूर्वीच मृत्यू पावलेली. १९४७ साली देश दुभंगला तेव्हा त्या आगीत त्यांचे आईवडील व काही भावंडे डोळ्यांदेखत मारली गेली. जीव वाचवून तो मुलगा दिल्लीस आला. पुराना किल्ल्यातील निर्वासितांच्या छावणीत राहिला, पुढे शाहदऱ्याच्या वसाहतीत राहिला, बहिणीच्या आश्रयाने दिवस काढू लागला. विनातिकीट प्रवास केल्याबद्दल त्याला तिहारच्या तुरुंगात जावे लागले, तेव्हा त्या बहिणीने अंगावरचे दागिने विकून त्याला सोडवून आणले. त्या दिवसांत आपण दरोडेखोर व्हावे असा विचारही मनात येऊन गेला होता, असे पुढे मिल्खासिंगांनी स्वतःच सांगितले आहे.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबू या. ज्याच्यापाशी तिकीट नाही, ज्याचे आईवडील नाहीत, ज्याच्या मनात दरोड्याचे विचार घोळत आहेत, असा मुलगा आपल्या महाद्वारी येऊन उभा राहिला असता तर आपण त्याला काय विचारले असते? कुळ, गाव, आणि कोणाची चिठ्ठी आणली आहे का, हेच ना? त्याच्या बहिणीने यांतले काही विचारले नाही. हा भाऊ पुढे मोठा होईल की वाया जाईल हे तिला ठाऊक नव्हते. तिने दागिने विकले ते एका तुरुंगात पडलेल्या मुलासाठी. पुढे देशभर गाजलेल्या धावपटूसाठी नव्हे. मिल्खासिंगांच्या आयुष्यातील पहिले दान हे असे होते, पात्रता सिद्ध होण्यापूर्वी दिलेले.

भाऊ मलखानसिंग यांनी सैन्यात जाण्याचा आग्रह धरला. परंतु भरतीच्या वेळी तीनदा नकार मिळाला. चौथ्या खेपेस, १९५१ साली, ते सैन्यात घेतले गेले आणि विद्युत व यांत्रिक अभियांत्रिकी दलाच्या, म्हणजे ई. एम. ई.च्या, सिकंदराबाद येथील केंद्रात दाखल झाले. तेथे एके दिवशी नव्या जवानांची काही मैलांची धाव योजण्यात आली. पहिल्या दहांत येईल त्याला रोजच्या कष्टाच्या कामांतून सूट आणि खुराकात जादा पेलाभर दूध, असे जाहीर झाले. मिल्खासिंगांना धावण्याचे शास्त्र ठाऊक नव्हते. वाटेत पोटात कळ आली म्हणून ते बसले, पुन्हा उठले, पुन्हा धावले, आणि सहावे आले. ज्याच्या बालपणी घरात पोटभर अन्न नव्हते त्याला त्या पेल्याचे मोल काय वाटले असेल, याची कल्पना आपल्यापैकी ज्यांनी भूक पाहिली आहे त्यांनाच येईल. पुढे त्यांना चारशे मीटरच्या शर्यतीसाठी निवडले, तेव्हा चारशे मीटर म्हणजे किती हेही त्यांना समजावून सांगावे लागले. मैदानाची एकच फेरी, असे उत्तर मिळाले. त्या एका फेरीत त्यांचे उर्वरित आयुष्य सामावले.

हवालदार गुरुदेवसिंग हे त्यांचे पहिले मार्गदर्शक. पहाटे व सायंकाळी, इतरांची विश्रांतीची वेळ असे तेव्हा, मिल्खासिंग एकटे धावत. अंगावरचे कपडे घामाने निथळेपर्यंत, कधी भोवळ येऊन पडेपर्यंत हा अभ्यास चाले. आमच्या शास्त्रांत तपाची लक्षणे सांगितली आहेत; देह झिजवणे हे त्यांतील एक. परंतु देह झिजवला म्हणजे तप झाले असे नव्हे. ते कशासाठी झिजवले आणि त्याचे फळ कोणास दिले, यावर त्याची किंमत ठरते. फळाचा विचार पुढे येईलच.

१९५६ साली मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांसाठी त्यांची निवड झाली. तेथे प्राथमिक फेरीतच त्यांचा निभाव लागला नाही. परंतु पराभूत होऊन ते स्वस्थ बसले नाहीत. चारशे मीटरचे सुवर्णपदक जिंकणारे अमेरिकेचे चार्ल्स जेन्किन्स यांच्याकडे ते गेले आणि भाषा नीट येत नसतानाही, तुम्ही अभ्यास कसा करता, हे त्यांना विचारले. जेन्किन्स यांनी आपली पद्धती मोकळेपणाने सांगितली. विद्यार्थी मित्रहो, जिज्ञासू म्हणजे काय, हे मी तुम्हांला व्याकरणाच्या अंगाने शिकवले आहे. येथे त्या शब्दाचा अर्थ पाहा. हरलेला मनुष्य जिंकलेल्याच्या दारी जातो, मत्सर न धरता विचारतो, आणि जिंकलेला हातचे न राखता सांगतो. हेच ऋषिऋण होय. ते परदेशात, परक्या भाषेत, धावण्याच्या मैदानावरही घडते.

दोन वर्षांत त्याचे फळ दिसले. १९५८ साली टोकियोच्या आशियाई सामन्यांत दोनशे व चारशे मीटर या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळाली. त्याच वर्षी कार्डिफ येथील राष्ट्रकुल सामन्यांत ४४० यार्डांची शर्यत त्यांनी ४६.६ सेकंदांत जिंकली. दक्षिण आफ्रिकेचे माल्कम स्पेन्स मागे राहिले. स्वतंत्र भारताला त्या सामन्यांतील धावण्याच्या शर्यतीत मिळालेले ते पहिले सुवर्ण. १९५९ साली पद्मश्री लाभली.

१९६० साली लाहोरला धावण्याचे निमंत्रण आले. ज्या भूमीवर आईवडिलांचे रक्त सांडले तेथे पुन्हा पाऊल ठेवण्यास मन तयार होईना. पंडित नेहरूंनी समजूत घातली, तेव्हा ते गेले आणि पाकिस्तानचे नामवंत धावपटू अब्दुल खालिक यांना त्यांनी मागे टाकले. तेथेच अयूबखानांनी त्यांना ‘उडता शीख’ या अर्थाचे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. वैराच्या स्मृतीवर मात करून जाणे ही त्या शर्यतीपेक्षा अवघड गोष्ट होती, असे मला वाटते.

त्याच वर्षी रोमचे ऑलिंपिक सामने झाले. चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचे ओटिस डेव्हिस व जर्मनीचे कार्ल कॉफमन हे दोघेही ४४.९ सेकंदांत पोहोचले. तिसरे आले ते कार्डिफला पराभूत झालेले माल्कम स्पेन्स, ४५.५ सेकंदांत. मिल्खासिंगांची वेळ ४५.६, क्रमांक चौथा. सेकंदाच्या दहाव्या भागाने पदक गेले. आईवडिलांचा मृत्यू आणि रोमचा पराभव ही आपल्या आयुष्यातील दोन मोठी दुःखे, असे ते अखेरपर्यंत म्हणत. हा भारतीय उच्चांक १९९८ सालापर्यंत कोणाला ओलांडता आला नाही, आणि १९६२ साली जाकार्ता येथे त्यांनी चारशे मीटरमध्ये व संघशर्यतीत पुन्हा सुवर्णपदके मिळवली. तथापि रोमची सल गेली नाही. विरक्तीचा आव त्यांनी कधी आणला नाही, हेही मला त्यांच्या मोठेपणाचेच लक्षण वाटते.

आता फळाकडे वळू. कीर्ती मिळाल्यावर माणूस तिचे काय करतो?

सैन्याची सेवा संपवून ते पंजाब राज्याच्या शिक्षणखात्यात क्रीडासंचालक झाले आणि १९९८ साली निवृत्त होईपर्यंत तरुण खेळाडूंच्या घडणीशी त्यांचा संबंध राहिला. १९९९ साली टायगर हिलच्या लढाईत हवालदार बिक्रमसिंग धारातीर्थी पडले. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाचे पालकत्व मिल्खासिंगांनी स्वीकारले. स्वतःचे वडील डोळ्यांदेखत गमावलेल्या मनुष्याने, वडील गमावलेल्या दुसऱ्या बालकाला जवळ केले. २००३ साली गरीब व गरजू खेळाडूंना साहाय्य करण्यासाठी त्यांच्या नावाचा धर्मादाय न्यास स्थापन झाला. २०१३ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, तेव्हा कथेच्या हक्काचे मोल म्हणून त्यांनी एक रुपया घेतला, आणि नफ्याचा वाटा त्या न्यासाला मिळावा अशी अट घातली. आयुष्यभर मिळवलेली पदके तर त्यांनी आधीच राष्ट्राला अर्पण केली होती. जून २०२१ मध्ये करोनाच्या साथीत पत्नी निर्मलकौर यांच्या पाठोपाठ अवघ्या पाच दिवसांनी, १८ तारखेस, चंडीगड येथे त्यांनी देह ठेवला.

श्रोतेहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. सिकंदराबादेत ज्यांनी दूध दिले त्यांना मिल्खासिंगांनी दूध परत केले नाही. बहिणीने विकलेले दागिने, जेन्किन्स यांनी दिलेली विद्या, हे ज्याचे त्याला तोलून परत करण्यासारखे नव्हतेच. ज्या मुलांसाठी त्यांनी केले त्यांनी मिल्खासिंगांना पूर्वी काही दिले नव्हते. मग ऋण फिटले कसे? याचे उत्तर पाठशाळेत रोज मिळते. ऋषींचे ऋण आपण ऋषींना परत देत नाही; ते आता कोठे भेटणार? आपण अध्ययन करतो आणि पुढच्या मुलास शिकवतो. घेतले मागच्याकडून आणि दिले पुढच्याला, हीच या ऋणाची फेड. सावकाराच्या वहीत असला हिशेब बसत नाही, परंतु धर्माच्या वहीत हाच बसतो.

आता एक अडचणीचा प्रश्न. जादा दूध पहिल्या दहांना होते. त्या दिवशी शेकडो जवान धावले. मिल्खासिंग सहावे आले म्हणून त्यांचे नाव आपणांस ठाऊक आहे. पोटातली कळ आणखी थोडा वेळ राहिली असती तर? भरतीच्या अधिकाऱ्यांनी तीनदा परत पाठवले, तसे चौथ्यांदाही पाठवले असते तर? गुण तोच असता, देह तोच असता, आणि तो मुलगा कदाचित दरोड्याच्या वाटेने गेला असता. शर्यत पहिल्या दहांसाठी असते, तो तिचा धर्मच आहे. मठाचा धर्म मात्र तसा नाही. आपल्या पंक्तीत क्रमांक नसतात.

आपल्याच तेलंगणातील अलीकडचे उदाहरण देतो. वरंगळ भागातील कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी ही मजुरी करणाऱ्या आईबापांची मुलगी. तिच्या बुद्धीची वाढ इतर मुलांसारखी नव्हती म्हणून गावात तिची चेष्टा होई, आईवडिलांनाही बोल ऐकावे लागत. प्रशिक्षक नागपुरी रमेश यांनी तिच्यातील वेग ओळखला आणि हैदराबादेत तिचा अभ्यास सुरू झाला. मे २०२४ मध्ये जपानातील कोबे येथे तिने आपल्या गटात चारशे मीटरचा जागतिक उच्चांक केला, ५५.०७ सेकंद, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिसच्या पॅरालिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळवले. तीच चारशे मीटरची एक फेरी, आणि तीच आपली नगरी. पारितोषिकाच्या रकमेतून तिने आईवडिलांनी विकलेली जमीन पुन्हा घेतली. ज्या गावात तिची चेष्टा झाली, त्याच गावच्या मातीचे हे ऋण तिने फेडले.

हे वाचले तेव्हा मला माझी एक चूक आठवली. ती आपणांसमोर मान्य करणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी पाठशाळेत एक मुलगा आला होता. शब्दरूपे त्याच्या जिभेवर बसत नसत. आज पाठ केलेला राम उद्या विसरे. संध्यावंदन आटोपले की तो आवारात नुसता धावत सुटे. मी त्याला अनेकदा रागावलो आणि अखेर, हा मुलगा शास्त्रास पात्र नाही, याला घरी पाठवावे, असे गुरुजनांना सुचवले. माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतल्यावर त्यांनी मला एकच प्रश्न केला: “तो जेवला का?” मला उत्तर देता आले नाही. मी त्याची रूपे तपासली होती, त्याचे पान तपासले नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की, घरची आठवण येऊन तो दोन दोन दिवस अर्धपोटी उठत असे, आणि धावला म्हणजे त्याला रडू येत नसे.

तो मुलगा राहिला. तो मोठा पंडित झाला नाही, आणि धावण्याचे पदकही त्याने मिळवले नाही. तो आता आपला संसार करतो, आणि उत्सवात येऊन पंक्तीत वाढतो. वाढताना लहान मुलांच्या पानाशी तो जरा अधिक वेळ थांबतो, हे मी पाहिले आहे. मिल्खासिंगांच्या न्यासाइतके ते मोठे नसेल. परंतु ऋण फेडण्याची रीत तीच आहे, आणि माझ्या सांगण्याप्रमाणे झाले असते तर ती फेड घडलीच नसती.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून, घरोघरी वार लावून शिकत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. वाढणाऱ्या माउलीने त्यांना, तू पुढे कोण होणार, असे कधी विचारले नाही. त्यांतील काही न्यायाधीश झाले, काही शास्त्री झाले, आणि कितीतरी साधेच गृहस्थ झाले. अन्न सर्वांना सारखेच मिळाले. ती प्रथा आता गेली. शहरातील जीवन बदलले, आणि मागण्यातील संकोचही पूर्वी होता तसाच आहे. प्रथा गेली तरी ऋण गेले नाही.

म्हणून या वर्धापनदिनी भक्तमंडळींना माझी नम्र विनंती आहे. कीर्तिवंतांचे सत्कार आपण करतोच. ते अवश्य करावेत. परंतु पदक मिळाल्यावर घातलेल्या हारापेक्षा, पदकाच्या आधी दिलेला दुधाचा पेला अधिक मोलाचा असतो. प्रत्येक घराने आठवड्यातील एक वार ठरवावा आणि त्या दिवशी एका मुलाच्या अन्नाचा, पुस्तकाचा वा पायातील जोड्याचा भार उचलावा. तो मुलगा पाठशाळेतला असो, शेजारच्या वस्तीतला असो, पाठांतरात हुशार असो वा नसो. त्याचा क्रमांक विचारू नये. तो जेवला का, एवढे मात्र विचारावे.

आणि बालमित्रहो, तुमच्यासाठी एक शब्द. ज्या पानावर तुम्ही रोज जेवता, ते कोणीतरी, तुम्हांला न पाहता, मांडलेले असते. त्याचा शोध घेऊन आभार मानण्याची गरज नाही. मोठे झाल्यावर आपल्या शेजारी बसलेल्या लहान मुलाचे पान पाहा, म्हणजे झाले. आणि हो, संध्यावंदन आटोपल्यावर आवारात खुशाल धावा. यापुढे मी रागावणार नाही.

आरंभीच्या शंकेचे उत्तर आता वेगळे देण्याची आवश्यकता उरली नसावी. श्रीसद्गुरू आपणां सर्वांना मनुष्यऋणाची आठवण अखंड देवोत आणि ते फेडण्याची बुद्धी व सामर्थ्य देवोत, अशी त्यांच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.